मंगलीचा डावा गाल

१

सकाळी सहाला स्टोव्ह पेटवायचा, पातेल्यात कात्र्या, चिमटे, सुया उकळायला टाकायच्या, तोवर ऑपरेशनच्या खोलीची फरशी फिनेलनं पुसून घ्यायची आणि आठला डॉक्टर गुणवंतराव आले की त्यांच्या हातावर पाणी घालायचं. सावली गावच्या त्या दवाखान्यात अकरा वर्षं मी हेच केलं. मला कोणी सिस्टर म्हणत नसे, रुखमाबाईच म्हणत. पाठीमागे म्हणत, त्या बाईच्या तोंडी लागू नका. खरंच आहे, माझं तोंड खराब आहे. नवरा गेला तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. दिरांनी दारातून हाकललं. मी पोरगी काखोटीला मारली, नागपूर गाठलं आणि नर्सिंग शिकून परत आले. गोड बोलून यातलं काहीच झालं नसतं.

मंगली माझी एकुलती एक. सोळाव्या वर्षी मोहफुलं वेचायला गेली आणि अस्वलाच्या तडाख्यात सापडली. आमच्या भागात यात नवल नाही. चैत्रात झुंजुमुंजू झालं की मोहाखाली माणूस वाकलेलं असतं आणि अस्वलही, आणि दोघांचंही लक्ष फुलांत. डाव्या गालाचं मांस गेलं. डॉक्टरांनी शिवलं, जखम भरली, गाल मात्र भरला नाही. कानापासून ओठापर्यंत खड्डा, कातडी दाढांना चिकटलेली. पेज पिताना आतले दात हललेले बाहेरून कळायचे. पोरीनं पदर डावीकडून ओढून घ्यायची सवय लावून घेतली.

तीन वर्षांत सात ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. चहा प्यायचे, पदर बाजूला झाला की उठायचे. एकानं तर माझ्यादेखत बायकोला विचारलं, "घरातले पोट्टे भेतीन नाई का हिले पाहून?" मी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली.

लढाईच्या काळात डॉक्टर फौजी दवाखान्यात होते. गोळ्या लागून चेहरा फाटलेल्या शिपायांच्या गालात त्यांच्याच पोटाची चरबी भरताना त्यांनी पाहिलं होतं, दोन-चारदा स्वतः भरलीही होती. जेवण झालं की ही कहाणी ठरलेली. ऐकून ऐकून एक दिवस मी म्हणाले, "मग आमच्या मंगलीचा भरा ना. नुसतं सांगत काय बसता?"

त्यांनी मंगलीला टेबलावर निजवलं आणि पोट चिमटीत धरून पाहिलं. चिमटीत नुसती कातडी आली. "हिच्या अंगावर काढण्यासारखं आहे काय? दोन महिने खाऊ घाला, मग बघू." मी तूप घातलं, तिळाचे लाडू घातले, शेजाऱ्यांच्या म्हशीचं दूध घातलं. दोन महिन्यांनी चिमटीत पुन्हा कातडीच.

"माझी घ्या," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्याजवळ नुसती जीभ आहे, बाई. आणि दुसऱ्याची चरबी अंग धरत नाही. पू होतो, सगळं बाहेर येतं." हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

२

सोमारी आली ती माघात. धानोऱ्याकडच्या जंगलातली गोंड बाई, पन्नाशीची, अंगानं वाळलेली. पण पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, कवठाएवढी गाठ. वीस वर्षांपासूनची. आता त्या गाठीपायी तिचा हात वर होत नव्हता.

डॉक्टरांनी बोटांनी दाबून पाहिलं. गाठ बोटांखालून सरकली. "चरबीची आहे. दुखणार नाही. अर्ध्या तासाचं काम."

त्या दिवशी ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. मी येता-जाता पाहत होते. डावा हात मागे नेऊन ती गाठ थापटायची. हलकेच, एका लयीत. मला त्या आवाजाचा वैताग आला.

"काऊन थापटून राह्यली?"

"जागी हाय, बाई. लई मानसं पाह्यली आज तिनं."

"गाठ जागी नसते आणि निजत नसते. चरबी आहे ती. बकऱ्याच्या पोटात असते तशी."

"तुमी म्हनता तं तसं," सोमारी म्हणाली आणि थापटतच राहिली.

मग तिनं एक अट घातली. काढलेली गाठ तिलाच द्यायची. नाळ पुरतात तशी ती आपल्या आवारात नेऊन पुरणार होती, वर दगड ठेवणार होती. "इथी टाकू नोका. कुत्र्याच्या, मानसाच्या, कोनाच्याच तोंडी लागू देऊ नोका. तुमच्या हातानं मले द्या."

"देईन."

"खरं बोला बाई."

"देईन म्हटलं ना. कितीदा सांगू?"

त्याच आठवड्यात राजुऱ्याहून निरोप आला होता. तिथले नानाजी, कापसाची चांगली शेती असलेले, त्यांचा मुलगा नथ्थू. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, वय तिशीचं. होळी झाली की पोरगी पाहायला येतो म्हणाले. मंगलीला एकोणिसावं लागलं होतं. त्या काळात एकोणीस म्हणजे लोक विचारणंच सोडून देत. हे स्थळ गेलं असतं तर माझ्यामागं ती कुणाच्या दारात उभी राहिली असती? दिरांच्या?

मी डॉक्टरांना औषधांच्या खोलीत गाठलं. "सोमारीची गाठ आणि मंगलीचा गाल, दोन्ही एकाच सकाळी करा. एका टेबलावरची दुसऱ्या टेबलावर. अगदी ताजी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पू झाला तर?"

"मी निस्तरीन."

"आणि झाला नाही तर..." हे ते मला नव्हते विचारत. त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते मला दिसलं. आपल्या नावाचा लेख छापून आलेला त्यांना दिसायला लागला होता. माझ्या ते पथ्यावर पडलं.

३

आदल्या संध्याकाळी मी बाजारात शफी खाटकाकडून बकऱ्याची चरबी आणली. "क्या बाई, साबून बनाते क्या?" तो म्हणाला. मी पैसे मोजून दिले. घरी येऊन ती मिठात घालून ठेवली.

सकाळी आठला सोमारीच्या नाकावर क्लोरोफॉर्मचं फडकं धरलं. डॉक्टरांनी चीर दिली आणि गाठ सोललेल्या संत्र्यासारखी अख्खी बाहेर आली. पिवळी, वर पातळ पापुद्रा. मी ती ट्रेमध्ये कोमट मिठाच्या पाण्यात ठेवली. अंगातून निघालेली चीज गरम असतेच, त्यात काही नाही. ट्रे खाली ठेवला तेव्हा गाठ पाण्यात हळूच वळली आणि सोमारीच्या बाजूच्या काठाला जाऊन टेकली. टेबलाचा एक पाय आखूड होता. मी ट्रे उलटा फिरवला. ती पुन्हा वळली. मग मी वर फडकं टाकलं.

मंगली बाजूच्या टेबलावर होती. डॉक्टरांनी गाठीचा मधला भाग कापून घेतला, ओठाच्या आतून चीर दिली आणि गालात भरला. लागत होती त्याच्या दुप्पट भरली. "अर्धी विरघळून जाते, म्हणून आधीच जास्त घालायची," ते म्हणाले. उरलेला भाग तुटका दिसला असता, म्हणून तो मी मागच्या खड्ड्यात रॉकेल ओतून जाळला.

टाके काढले त्या दिवशी मी सोमारीच्या हातात फडक्याची पुरचुंडी दिली. तिनं ती मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसली. थापटली नाही.

"लई गुमसुम हाय," ती म्हणाली.

"कापल्यावर काय गाणं म्हणणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. संशय होता की नाही, मला सांगता येणार नाही. पुरचुंडी पदरात बांधून ती मोटारीची वाट न बघता पायीच निघाली.

४

आठव्या दिवशी पट्टी सोडली. पू नाही, लाली नाही, ताप नाही. गाल भरलेला. मंगलीनं आरशात पाहिलं, उजव्या बाजूनं पाहिलं, डाव्या बाजूनं पाहिलं आणि आरसा छातीशी धरून बसून राहिली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा आयुष्यात पुन्हा झाला नाही. मी शिरा केला. डॉक्टरांनी दोनदा मागून घेतला.

डॉक्टर दर आठवड्याला रेशमाच्या दोऱ्यानं मोजायचे, कानाच्या पाळीपासून गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. दोरा रजिस्टरच्या पानात जपून ठेवायचे. गाल उतरेल तसा दोरा उरायला हवा होता. दोन आठवडे अगदी बरोबर बसला. चौथ्या आठवड्यात कमी पडला.

"सूज असेल," ते म्हणाले.

मंगली दुप्पट जेवायला लागली. मी म्हटलं, बरंच आहे. चावायची मात्र डाव्या बाजूनंच. आणि तिचा हात गालाकडे जायचा, जाऊन थापटायचा. हलकेच, एका लयीत.

मी फटकन हातावर मारलं. "कोणाची नक्कल करून राह्यली?"

"मी नाई करत, माय. थापटलं की बरं वाटते."

"कोणाले?"

तिनं थोडा विचार केला. "मले नाई," ती म्हणाली.

मी स्वतःला समजावलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ही पोरगी व्हरांड्यातच होती, तिनं सोमारीला थापटताना पाहिलं होतं. आजारी माणूस दुसऱ्या आजाऱ्याच्या खोडी उचलतं, दवाखान्यात हे रोज दिसतं. त्यात डोकं लावण्यासारखं काय आहे?

एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत होते. आत मंगली निजली होती. काहीतरी चोखल्यासारखा आवाज यायला लागला. थांबून थांबून. मला वाटलं, मांजर शिरलं. आत गेले तर मांजर नव्हतं. मंगली पाठीवर झोपली होती, श्वास संथ होता. डावा गाल आतून हलत होता. आत जीभ फिरवली की गाल वर येतो, तसा एक उंचवटा वर यायचा, सरकायचा, बसायचा.

जीभच असेल, मी म्हटलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं. मी वाकून पाहिलं. जिभेचं टोक उजव्या बाजूच्या दातांत अडकून निपचित पडलं होतं.

मी बाहेर आले आणि उरलेल्या पट्ट्या गुंडाळल्या.

५

होळीला दहा दिवस होते तेव्हा सोमारी परत आली. दवाखान्यात नाही, घरी. विचारत विचारत आली असावी. तिनं ओट्यावर फडकं ठेवलं आणि सोडलं. माती लागलेली, कडक झालेली चरबी.

"हे माही नोहे, बाई. दगड ठेवला, दिवा लावला. कोनीच नोहतं तिथी. हे बकरं हाय."

"मग मी खोटं बोलून राह्यली काय?" मी आवाज चढवला. खोटं बोलताना आवाज चढवावा लागतो, हे मला नागपूरपासून येत होतं.

"कुठी टाकली?"

"जाळली. मागच्या खड्ड्यात. तिथं राख असेल, घेऊन जा."

"वरची साल जाळली असन," सोमारी शांतपणे म्हणाली. "मधली नाई जाळली. मले समजलं असतं."

तेवढ्यात मंगली पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. घरी आलेल्याला पाणी द्यावं हे मीच तिला शिकवलेलं. तिनं लोटा पुढे केला. सोमारीचा हात अर्ध्यात थांबला. ती मंगलीच्या गालाकडे पाहत राहिली. मंगलीचा गालही तिच्याकडे वळला. मान आधी वळली नाही. गाल आधी ओढला गेला, मग मान त्याच्यामागं गेली.

मला वाटलं, आता ही बाई बोंब मारणार, गाव गोळा करणार, माझी गाठ मला परत द्या म्हणणार. मी भांडायला पदर खोचून तयार होते. पण सोमारी मागे सरली. एक पाऊल, मग दुसरं. ओट्यावरून उतरली आणि भराभर चालायला लागली.

मी तिच्यामागं गेले. आंब्याखाली गाठली, दंड धरला. "काय पाह्यलं तू? बोल."

"मी तिले वीस वर्सं पाठीवर ठेवली," सोमारी म्हणाली. "पाठीवर, बाई. पुढं नाई येऊ देली. तोंडाजवळ तं कदीच नाई."

"मग ने आता. काढून देतो, घेऊन जा."

तिनं माझा हात दंडावरून सोडवला. जोर लावला नाही, एकेक बोट काढलं. "आता ती माह्याकडं येत नाई. तिले तोंड भेटलं," ती म्हणाली आणि निघून गेली.

रानातल्या लोकांचं डोकं असंच चालतं, असं म्हणत मी घरी आले. मंगली ओट्यावरच होती. लोटा हातात तसाच. ती सोमारी गेली त्या वाटेकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडाचा डावा कोपरा हसत होता.

६

होळीला तीन दिवस राहिले तेव्हा मंगली भल्या सकाळी माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. दोन्ही हातांनी गाल घट्ट धरलेला.

"माय, काढून टाक हे."

"वेडी झाली काय?"

"मले खड्डा चालते. खरंच चालते, माय. मी पदर घेत जाईन. कोनी नाई केलं लगन तं नाई केलं. तुह्याजवळ राहीन." तिचा आवाज बारीक झाला होता. "हे मले आत सरकवून राह्यलं. सकाळच्या पारी मी असतो. उन्ह वर आलं की मले जागा पुरत नाई."

मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोरा लावला, पुन्हा लावला. मग अंगठ्यानं गाल दाबला. लगेच हात मागे घेतला आणि अंगठ्याकडे पाहत राहिले.

"स्नायू आकसला," ते म्हणाले. पण त्या जागी स्नायू अस्वलानं नेला होता आणि हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. "काढून टाकू, रुखमाबाई. उद्या सकाळीच. पुन्हा खड्डा होईल, पण काढलेलं बरं."

लेखाचे कागद टेबलावर पडले होते. त्यावर त्यांनी फाइल ठेवली. ज्या माणसाला नाव हवं होतं तो माणूस काढतो म्हणत होता.

मी काय केलं ते सांगते. मी म्हणाले, "चार दिवस थांबा. पाहुणे येऊन जाऊ द्या."

"माय," मंगली म्हणाली.

"चूप. चार दिवसांनी काही मरत नाही. त्यांनी एकदा हो म्हटलं की काढू. लग्नात कोणी विचारलं तर गाल सुजला होता, फोड फोडला, काहीही सांगता येते. आधी हो तर म्हणू दे."

मंगलीनं हात गालावरून काढले आणि मांडीवर ठेवले. मला वाटलं, पोरीला पटलं.

७

होळीच्या दुसऱ्या दिवशी नानाजी आणि नथ्थू दुपारी आले. मी पोहे केले. मंगलीला चहा घेऊन बोलावलं. मला भीती होती ती नेहमीचीच, की ही मान खाली घालून बसेल, विचारलेल्याचं उत्तर देणार नाही, पदर ओढेल. सात वेळा तेच झालं होतं.

ती आली, कप ठेवले, पदर आपल्या हातानं मागे केला आणि डावी बाजू पुढे करून बसली.

"नाव काय तुयं, पोरी?" नानाजींनी विचारलं.

ती थांबली. "मंगली," म्हणाली. आठवून सांगितल्यासारखं. मग हसली. आवाज जरा जाड होता, पण गोड होता. नथ्थूला तिनं राजुऱ्याची नदी केवढी, घरात बैल किती, स्वयंपाकघरात उजेड कुठून येतो, सगळं विचारलं. माझी पोरगी एकोणीस वर्षांत इतकं कोणाशी बोलली नव्हती. नथ्थूची तर नजरच हलेना.

"आमाले पसंत हाय," नानाजी म्हणाले. "घरात असं हसतं तोंड पाह्यजे. आमच्या घरी दोन वर्सांपासून कोनी हासलं नाई."

ते गेले आणि मी दाराला टेकून खाली बसले. एकोणीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. मग उठले, तोंडावर पाणी मारलं. मंगली कप विसळत होती.

"चल. डॉक्टर वाट पाहत असतील."

"काऊन?"

"काढायचं ना ते."

तिनं कप पालथा घातला, हात पुसले. "आता काऊन काढता, बाई?" ती म्हणाली. "तुमच्या मनासारखं झालं ना?"

बाई. मंगलीनं मला जन्मात कधी बाई म्हटलं नव्हतं.

मी तिला ओढत नेलं असतं. माझ्या अंगात तेवढा जोर होता. पण मी डॉक्टरांनाच निरोप पाठवला. ते घरी आले, दारातच उभे राहिले. पोरीनं गोड आवाजात सांगितलं की तिला काही त्रास नाही, ती टेबलावर निजणार नाही. "पोरगी नाही म्हणते," डॉक्टर मला म्हणाले, "सज्ञान आहे. जबरदस्ती करू काय?" आणि पायरी उतरताना त्यांना घाई झालेली मला दिसली. महिन्याभरात दवाखाना दुसऱ्याला देऊन ते नागपूरला गेले.

मला हायसं वाटलं. आता लपवून काय करायचंय? लग्न ठरलं होतं. गाल भरलेला होता. मी स्वतःला सांगितलं की पोरगी लग्न ठरल्यावर बदलते, सासरचं वारं लागलं म्हणतात ते हेच. लग्नापर्यंत सकाळी डोळे उघडले की थोडा वेळ ती मला माय म्हणायची आणि माझा हात धरून ठेवायची, बोटं दुखेपर्यंत. उन्हं ओट्यावर आली की बाई. दिवस मोठे होत गेले, तशी ती उशिरा उठायला लागली. लग्नाच्या दिवशी तर उन्हं चढल्यावरच उठली. मीच उठवलं नाही. हळद लावायची होती, बायका जमल्या होत्या, तेव्हा कोण तो हात सोडवत बसणार?

८

कार्तिकात मी राजुऱ्याला गेले. बल्लारपूरच्या पुढे वर्धा नदी लागते. नावेतून पार होऊन, पायी चालत, दुपारी घरी पोचले. नथ्थू आणि नानाजी कापसात होते. दारातच शेजारीण भेटली. "तुमच्या पोरीनं घर उजळलं," म्हणाली. "सगळ्या गल्लीले जीव लावते."

ती दारात आली. अंगानं भरली होती. उजवा गालही भरला होता आता, दोन्ही बाजू सारख्या. गोल, तुकतुकीत, हसरा चेहरा. रस्त्यात दिसली असती तर मी बाजूनं निघून गेले असते.

"या ना बाई. थकल्या असान." पाय धुवायला पाणी दिलं. पाटावर बसवलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल. भाजी अप्रतिम होती. मंगलीच्या हातची भाजी नेहमी खारट व्हायची.

मी तिच्याकडे चोरून पाहत होते. ती माझ्याशी बोलताना डावीच बाजू माझ्याकडे ठेवायची. चूल विझत आली तशी ती फुंकायला वाकली, आणि दारातलं ऊन तिच्या उजव्या अंगावर पडलं.

उजव्या डोळ्याच्या खाली, बोटभर जागा अजून भरली नव्हती. तिथली कातडी पातळ होती, हाडावर बसलेली, मंगलीची. डावा डोळा चुलीकडे होता. उजवा माझ्याकडे होता. तो माझ्याकडे पाहत होता आणि मिटत नव्हता. ओठांचा उजवा कोपरा, अगदी कोपराच, एकदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आवाज नव्हता. मला आवाजाची गरज नव्हती. या जगात मला माय म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं.

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. मी तो ताटात ठेवायला हवा होता. उठायला हवं होतं. मी तुकडा तोंडात घातला.

जाळ लागला. ती सरळ झाली आणि पदराच्या टोकानं ओठांचा तो कोपरा पुसला. लेकराचं तोंड पुसतात तसा, जपून.

"आणखी अर्धी घ्या ना."

"नको. नाव चुकेल."

ती मला दारापर्यंत पोचवायला आली. हातात वांग्यांची पिशवी दिली, शेतातलीच आहेत म्हणाली. मी उंबरा ओलांडला. मला मागे वळायचं नव्हतं, पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला म्हणून वळावं लागलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तो हवा होता. तिच्या चेहऱ्यावर आल्या-गेल्या माणसाबद्दल असते तेवढी माया होती.

"तुमी येऊन गेल्या म्हणून सांगीन मंगलीले," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले आणि नदीकडे निघाले.